चिठ्ठी नसलेले डबे

दीदीच्या डब्यांवर कधी नाव नसायचं. चौबे कॉलनीतल्या आमच्या चिमुकल्या सॉफ्टवेअर ऑफिसात ती सगळ्यात जुनी प्रोग्रामर, आणि चहा-पोह्यांचं सामानही तिच्याच ताब्यात होतं, आणि एकसारख्या स्टीलच्या डब्यांत साखर कुठली नि मीठ कुठलं हे देवालाच ठाऊक. एकदा मी चिठ्ठ्या चिकटवायला गेले, तर तिने माझा हात धरला. "नाव काहून पायजे? उघडून पाय नं वं." माझ्या चहात दोनदा मीठ पडलं, तेव्हाही ती हसलीच.

कोडही ती तसंच लिहायची. जास्तीची ओळ दिसली की तिचा हात शिवशिवे. आमचा प्रोग्राम इथल्या तपासणी केंद्रातले स्कॅन नागपूरच्या डॉक्टरांना पाठवायचा. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी एक ओळ सोबत जायची. दीदीने ती काढून टाकली. आमच्या कॉम्प्युटरांवर फाइल त्याशिवायही उघडत होती, मग हवी कशाला?

त्याच आठवड्यात भनपुरीत तिच्या धाकट्या भावाला, बबनला, ट्रकने उडवलं. डोक्याचा स्कॅन इथे काढून आमच्याच प्रोग्रामने पुढे पाठवला आणि त्याला नागपूरला हलवलं. ऑपरेशन करायचं की नाही ते स्कॅन पाहून ठरणार होतं, आणि तिथे स्कॅन उघडेना. पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं. भावजय फोनवर रडत होती.

दीदीने सगळं पालथं घातलं. सोबतचा एक जण "दीदी, उनका सिस्टम खराब है" एवढंच म्हणत राहिला. शेवटी तिने फाइल कच्ची, म्हणजे चित्राऐवजी नुसत्या अक्षरांच्या रूपात उघडून सुरुवातीची अक्षरं वाचली. स्कॅन धडधाकट होता, पण तो चित्र आहे हे नागपूरच्या मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मीच काढली ती ओळ. मले वाटलं, तेही उघडून पायतीन."

ती सांगत गेली नि ओळ मी टाइप करून स्कॅन पुन्हा पाठवला. नागपूरला चित्र उघडलं. बबनला लगेच ऑपरेशनला घेतलं, पण तो वाचला नाही. लवकर दिसलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आम्हीही तिला तेच सांगत राहिलो.

नोकरी सोडून ती भावजयीजवळ अभनपूरला गेली. जाताना कुणाला भेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला गेले, तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. साखर. मीठ. रवा. काचेच्या बरणीतली बिस्किटं तर बाहेरूनच दिसत होती, त्या बरणीवरही ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, बिस्किटं. मी तिथेच खाली बसून रडले.