लॅबवाल्या भाऊंचा उघडा प्रोग्राम

लॅबवाले भाऊ चूक मोठ्यानं वाचायचे. प्रोग्राम अडला आणि स्क्रीनवर कंपायलरची, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरची, इंग्रजी तक्रार उमटली, की आम्ही मुलं घाबरून ती आधी पुसून टाकायचो. भाऊ पाठीमागे येऊन उभे राहत. "पुरं वाच ना बाप्पा. तो सांगून राहिला, तू आयकून नाही राहिला."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. चांदूर रेल्वे या गावाहून रोज गाडीनं ये-जा. प्राध्यापक त्यांना वायरी जोडायला बोलवत. पण याच माणसानं, फुकट मिळणाऱ्या एका कंपायलरला जोडून चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. कंपायलरची तक्रार तो वऱ्हाडीत सांगायचा: "ओळ बारा. कंस उघडला, बंद कोण करन?" खेड्यांतून आलेली आम्ही पोरं हसत हसत शिकलो.

तो कोड ते मागेल त्याला देत. वर एकच अट लिहिलेली: वापरा, बदला, पण बदललेलंही सगळ्यांसाठी उघडं ठेवा. कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर का नको, असं मी एकदा विचारलं. बिघडलं तर ते आत पाहू देत नाहीत, मग शिकायचं कसं, असं काहीसं म्हणाले. तरी विकणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

आता सांगतो. शिक्षण संपवून अकोल्याला घरी परतल्यावर मी तोच कोड घेतला, वरची अट आणि भाऊंचं नाव काढलं, वऱ्हाडी वाक्यं पुस्तकी मराठीत आणली आणि एका कंपनीला माझा म्हणून विकला. क्वचितच दिसणारं एक वऱ्हाडी वाक्य बदलायचं राहून गेलं. पुढे कॉलेजनं तेच सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि नेमकं ते वाक्य भाऊंसमोर उमटलं.

त्यांचा फोन आला. ते एवढंच बोलले, की त्या वाक्यात ओळीचा आकडा एकानं चुकतो, चूक मूळचीच आहे, दुरुस्ती पाठवतो. चोरीबद्दल अवाक्षर नाही.

दोन वर्षं मी त्या फोनचा अर्थ लावत राहिलो. शेवटी चांदूरला जाऊन सगळं कबूल केलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "दुरुस्ती लावली का?"

नव्हती लावली. कोड आता कंपनीचा होता, त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती.

"मी लिहिला, तू बदलला, अन् आता आपल्यालेच उघडता येत नाही? हे कसं होते बाप्पा?"

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी भाऊ गेले. मग कळलं, की मूळ प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवर खुला ठेवला होता आणि त्याची देखभाल माझ्याकडे सोपवून गेले होते. 'मदत करणारे' या यादीत माझं नाव पहिलं. ही शिक्षा होती, विश्वास होता, की त्यांना खरंच काही वाटलं नव्हतं? रोज वेगळं उत्तर येतं.

परवा तो प्रोग्राम वापरणाऱ्या एका मुलीनं ईमेलवर विचारलं, "सर, हे तुमी दोघांनी मिळून बनवलं का?" मी 'हो' लिहिलं, खोडलं. 'नाही' लिहिलं, तेही खोडलं. मग हे सगळं लिहायला बसलो. तिला हेच पाठवतो आहे.