चुकांची हजेरी

आमच्या मेळाव्याला फी नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला बोरीवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलवर यायचं, चपला बाहेर काढायच्या, योगावाल्यांच्या चटया गुंडाळून बाजूला ठेवायच्या आणि खुर्च्या मांडायला हात लावायचा. खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत. नॅशनल पार्कातली माकडं आत शिरतात, एकाने तर प्रोजेक्टरचा रिमोट पळवला होता. एवढं झालं की आत बसायला एकच अट असते. आधी आपली एक चूक सांगायची. कॉम्प्युटरच्या कामातली, स्वतःची, दुसऱ्या कुणावर न ढकलता. याला आम्ही चुकांची हजेरी म्हणतो.

अट मीच घातली. पहिल्या दोन मेळाव्यांना जो तो असा तोऱ्यात बोलत होता की मला वाटलं, मी कुणाच्या तरी लग्नाच्या बैठकीला येऊन बसलेय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शहाणपण घरी ठेवून या, इथे माती खाल्लेली सांगा. तेव्हापासून मजा येते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर महिनाभर आपली चूक आठवून, कागदावर लिहून आणतात.

आम्ही शिकतो त्याला मेमरी फॉरेन्सिक्स म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. कॉम्प्युटर चालू असतो तेव्हा त्या घडीला आत काय चाललंय ते सगळं त्याच्या मेमरीत असतं. कुठले प्रोग्राम चालू आहेत, बाहेरून कोण जोडलं गेलंय, काय टाइप झालं. वीज गेली की हे सगळं पुसलं जातं. डिस्कवरच्या फायली राहतात, हे राहत नाही. म्हणून मशीन विचित्र वागायला लागलं तर ते बंद न करता आधी मेमरीची अख्खी नक्कल उतरवून घ्यायची आणि मग ती निवांत चाळत बसायची. ते उतरवायचं कसं आणि चाळायचं कसं, एवढंच आम्ही एकमेकांना शिकवतो.

हजेरीत माझी चूक ठरलेली असायची. मेमरी सोळा जीबीची आणि नक्कल घ्यायला मी आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन गेले होते. लोक हसायचे. जुनी मंडळी तर चिडवायची, "मॅडम, पेन ड्राइव्ह झिजला हो, आता नवीन चूक काढा." चूक खरीच होती. पण जिच्यामुळे हा सगळा खटाटोप सुरू केला, ती ही नव्हती.

ती अशी. सात-आठ वर्षांपूर्वी मी अंधेरीच्या एका ऑफिसात सपोर्टला होते. कुणाचा प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरलं, की मला फोन. आमच्या रेकॉर्ड विभागात माझ्याच वयाची एकजण होती. मढच्या कोळीवाड्यातली, आई मालाडच्या बाजारात मासळी विकायची. आमच्या पँट्रीत फक्त व्हेज चालायचं, म्हणून शुक्रवारी आम्ही दोघी जिन्यात बसून तिच्या डब्यातले तळलेले बोंबील खायचो आणि मग खिडकीशी उभं राहून वास जायची वाट बघायचो. तशी मैत्रीण मला त्या ऑफिसात दुसरी मिळाली नाही.

एका दुपारी तिचा फोन आला. "धाव गं, माझा माउस आपोआप हलतोय!" मी दोन मजले धावत गेले. मी पोचले तेव्हा स्क्रीनवरचा बाण गप्प उभा होता. ती म्हणाली, "आत्ता हलत होता, देवाशपथ. बघ ना तू, बघ ना नीट." मी काहीच बघितलं नाही. वाकले आणि भिंतीतला स्विच खटकन बंद केला.

का केला? कारण मी माझ्या आईची मुलगी. लालबागच्या चाळीत असताना आमच्या पॅसेजमध्ये एकदा शॉर्ट सर्किट झालं होतं. तेव्हापासून आई म्हणजे मेन स्विचवर पहारा. काही जळल्याचा नुसता वास आला तरी आधी मेन बंद, मग चौकशी. आम्हा भावंडांच्या हातात ते असं भिनलंय की आजही घरात कुणी किंचाळलं तर मी आधी स्विचकडे बघते.

संध्याकाळपर्यंत कळलं की ऑफिसातल्या सगळ्यांची खासगी कागदपत्रं, आधारच्या कॉप्या, घरचे पत्ते, तिच्या लॉगिनवरून बाहेर कुठेतरी गेलीत. मला साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, म्हणे केवढं प्रसंगावधान! बाहेरून एक माणूस बोलावला, त्याने डिस्क तपासली. दुसऱ्या कुणाचा हात असल्याचं काही सापडलं नाही. मला केलेला फोन म्हणजे तिचं नाटक, असं ठरलं. राजीनामा दे, नाहीतर पोलीस. तिने सही केली. निघताना जिन्यात माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "सगळ्यांत तू एकटी धावून आलीस गं." मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं. मीही रडले.

दोनेक वर्षांनी मी मेमरी फॉरेन्सिक्सच्या पहिल्या ट्रेनिंगला गेले. पहिल्याच तासाला शिकवणारे म्हणाले, "मशीन चालू सापडलं तर चालूच ठेवा. बंद केलंत तर पुरावा तुम्हीच पुसलात." बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मी पेन खाली ठेवलं. दुपारी सगळे जेवायला गेले आणि मी बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत उभी. तिचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू, करत पाच वर्षं गेली. खरं सांगायचं तर घाबरले. तिच्या लेखी धावून आलेली अशी मी एकटी होते, आणि ते मला गमवायचं नव्हतं.

त्याच काळात हा मेळावा सुरू केला. लोकांना घसा फोडून सांगत राहिले, बंद करू नका, बंद करू नका. तेवढंच मनाचं समाधान.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मेळाव्याला दारात एक बाई खांद्याला कापडी पिशवी लावून उभी राहिली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तीच!

"अगं तू! हा तुझा क्लास आहे?" तिने मला मिठीच मारली. नोकरी गेल्यावर थोडे दिवस ती आईबरोबर बाजारात बसली, मग दिंडोशीच्या कोर्टाजवळ टेबल टाकलं. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. आमच्या मेळाव्याला येणाऱ्या एका ज्युनिअर वकिलीणबाईंनी आमची नोटीस तिच्याकडे झेरॉक्सला दिली होती. 'कॉम्प्युटर आपोआप काही करतोय? बंद करू नका. आधी आम्हाला विचारा.' तिने ते वाचलं आणि एक कॉपी जास्तीची काढून स्वतःला ठेवली.

"ऐका हो," ती आमच्या मंडळींना सांगायला लागली, "माझ्यावर वेळ आली तेव्हा ही एकटी धावत आली होती. दोन मजले!" सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मला वाटलं, एखाद्या माकडाने आता मलाच उचलून न्यावं.

हजेरी सुरू झाली. काकांनी कागद काढून वाचला. त्यांनी नातीचा प्रोजेक्ट उडवला होता. मग तिची पाळी आली. ती उभी राहिली, ओढणी सारखी केली.

"माझी चूक अशी की मी सही केली," ती म्हणाली. "केलं नव्हतं तरी केली. घरी पोलीस आले असते तर आईला बाजारात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तशीही नाही राहिली. बाजूच्या बायका अजून बोलतात. आणि आता इतकी वर्षं झाली ना, मलाच कधीकधी वाटतं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल. तेवढं कुणी मला सांगितलं तर बरं होईल. म्हणून आले."

ती बसली. मग माझी पाळी, आणि जुन्यांपैकी एकजण सवयीने म्हणाला, "चला, पेन ड्राइव्ह!" दोघं-तिघं हसले.

आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. गप्प बसले असते तर तिची मिठी माझीच राहिली असती. मी उभी राहिले. "हिच्या मशीनचा स्विच मी बंद केला," मी म्हणाले. "तिने मला बघायला बोलावलं आणि मी न बघता बंद केला. आत दुसरं कुणी शिरलं होतं का, ते मेमरीत बहुतेक दिसलं असतं. ते मी पुसलं. आणि हे मला पाच वर्षं माहीत आहे."

ती माझ्याकडे वळली. मग विचारलं, "मी केलं असतं, तर तेही दिसलं असतं?"

"हो."

"मग मी नाही केलं, हे आता कळणारच नाही?"

"मशीनवरून नाही," मी म्हणाले. "पण जिने केलं असतं, तिने मी यायच्या आत स्वतःच बंद केलं असतं. तू मला बोलावलंस. बघ ना नीट, असं दोनदा म्हणालीस. मी हे तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही."

"पाच वर्षं," ती म्हणाली. "माझा नंबर तोच आहे."

ती उठून जाईल असं वाटलं. पण ती गेली नाही. तीन तास बसली, मेमरीची नक्कल कशी घ्यायची ते वहीत ओळ न् ओळ लिहून घेतलं, काकांना दोनदा थांबवून परत विचारलं. माझ्याशी मात्र अवाक्षर बोलली नाही. जाताना चपला घालून सरळ चालू लागली. घरी येऊन मी जेवले नाही. आईने काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसले, बिचारी.

मंगळवारी फोन आला. "उद्या सुट्टी टाक. अकराला दिंडोशीला ये."

कोर्टाच्या रस्त्यावर निळ्या ताडपत्रीखाली तिचं टेबल होतं. तिने मला स्टुलावर बसवलं, स्वतः कीबोर्ड पुढे ओढला. "काय काय झालं ते सांग. मी टाइप करते." मी सांगायला लागले. तिची बोटं काय धावतात, बापरे! मी लालबागची चाळ, शॉर्ट सर्किट, आईची सवय असं सगळं सांगत होते, तर ती थांबली.

"आईला मधे आणू नकोस," ती म्हणाली. "तू केलंस ना? तेवढंच सांग."

मी तेवढंच सांगितलं. एक पान झालं. तिने प्रिंट काढली, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "सही कर. त्या दिवशी मी केली होती."

मी सही केली. तिने कागद लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सरकवला. मी विचारलं, ऑफिसात देणार का? "ऑफिस गेलं उडत," ती म्हणाली. "आईच्या टोपलीमागे टांगणार. तिथे सारखं पाणी उडतं, म्हणून प्लास्टिक." मग दोन कटिंग मागवले. चहा पिताना एकदाच म्हणाली, "मला राग आलाय तुझा. अजून बरेच दिवस येणार आहे." मी म्हटलं, "येऊ दे ना. महिन्यातून एकदा बोरीवलीला येऊन काढ." तिला हसू आलं, ते तिने चहाच्या ग्लासात लपवलं.

शनिवारी नवीन नंबरवरून फोन. मागे बाजाराचा गलका. "तूच ना गो ती स्विचवाली? मी हिची आई. कागद टांगलाय, पण मला कुठे वाचता येतं? येणारं गिऱ्हाईक वाचतं आणि मनातल्या मनात ठेवतं. उद्या सकाळी ये. मोठ्याने वाचायचं."

गेले. मालाडच्या बाजारात सकाळी नऊला ओल्या फरशीवर उभी राहिले. तिची आई पाटावर बसलेली, केसांत अबोलीचा गजरा, आणि बाजूच्या ओळीतल्या सगळ्या जणी कोयते खाली ठेवून बघत होत्या. ती आईच्या मागे उभी होती, हाताची घडी घालून. मी कागद काढून हातात घेतला आणि वाचायला लागले. पुटपुटल्यासारखं. आईने पाटावर हात आपटला, "मोठ्याने गो बाय, पलीकडच्या रांगेला कळायला पाहिजे." मी मोठ्याने वाचलं. मी बघायला गेले, न बघता बंद केला, तिने मला बघायला सांगितलं होतं, तिने काही केलं असं मला वाटत नाही, वाटलं नव्हतं. पलीकडची एक म्हातारी म्हणाली, "मग इतकी वर्षं आम्ही उगीच..." आणि खाली ठेवलेला कोयता परत उचलला.

खाली सही होती. तिथे मी थांबले.

"नाव पण वाच," ती आईच्या मागून म्हणाली.

मी माझं नाव वाचलं.