डाव्या बाजूची चूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही, हे तिला ओळखणारा कुणीही सांगेल. तुम्हाला सांगतोय. पण थोडं दमानं सांगू द्या. कारण ह्या गोष्टीत आनंदाचा भाग मोठा आहे, आणि तो खोटा नाही. खोटं आहे ते एवढंसंच. एका वाक्याचं.

मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं लाकडाचे साचे केले. फौंड्रीत लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा, हे आमचं काम. लाकडात केसाएवढी चूक राहिली तर ती लोखंडाच्या हजार नगांत उतरते. त्यामुळे चूक म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. निदान मी तसं समजत होतो.

निवृत्त झालो आणि हात शिवशिवायला लागले. मग जहाजं सुरू केली. कोल्हापुरात समुद्र कुठला? गगनबावड्याचा घाट उतरून मी तो पाचसहा वेळाच बघितलाय. पण नोकरीत असताना एका जुन्या बोटीच्या इंजिनाचा सुटा भाग आमच्याकडे आला होता, सोबत त्याचा ब्रिटिश नकाशा. तो नकाशा बघून मी जेवायचा विसरलो होतो. इतकी स्वच्छ रेघ! तेव्हाच ठरवलं होतं की दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश आरमाराची जहाजं करायची, आणि खिळ्यासकट खरी करायची. एका फुटाला अष्टमांश इंच. शिवणीच्या लाकडाचा सांगाडा, पितळी पत्र्याचं धुराडं, मिरजेहून आणलेल्या सतारीच्या तारांचे कठडे. विलायतेहून नकाशे मागवायचे, जुने फोटो भिंगाखाली धरायचे. कुठल्या वर्षी कुठली तोफ बदलली, रंगाचे पट्टे कसे होते, हे मला आमच्या भावकीतल्या लग्नांपेक्षा जास्त पाठ होतं.

चौथं जहाज सगळ्यात देखणं झालं. दोनशे फुटांचं छोटं लढाऊ जहाज, व्यापारी जहाजांच्या ताफ्याला पाणबुड्यांपासून सांभाळणारं. युद्धात ते मुंबईकडे होतं. साहेब गोरे, आणि भट्टीवर, स्वयंपाकावर आपली माणसं. ते करायला मला अडीच वर्षं लागली. शहरातल्या एका सभागृहात मी माझ्या जहाजांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा दारातच ते मांडलं आणि खाली पाटी लावली — ‘संपूर्ण अचूक’.

संपूर्ण. हा शब्द माझाच.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा आला. धोतर, पांढरी टोपी, पाठ ताठ. कागलजवळच्या एका खेड्यातला. लोक त्याला शिदू आप्पा म्हणत. वय नव्वद. सोबत साठीची लेक, सुमनआक्का, आणि जीप भरून गावातली माणसं. आप्पा तरुणपणी ह्याच जहाजावर भंडारी होता. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. सत्तर वर्षं गावाला त्यानं हेच सांगितलं होतं, आणि आज जहाज दाखवायला गाव घेऊन आला होता. तो जहाजाभोवती एक फेरी फिरला. मग दुसरी. मग धुराड्याच्या डाव्या अंगाला बोट दाखवून मोठ्यानं म्हणाला,

“पावणं, माझी चूल कुठं हाय?”

लोक हसले. मीही हसलो. तो म्हणाला, आत भट्टीच्या धगीनं जीव जायचा म्हणून आम्ही वर डेकवर पत्र्याची खोली उभी केलती, तिथं भाकऱ्या थापायचो. हितंच. ह्या जागेला.

मी काय म्हणायला हवं होतं? ‘बसा आजोबा, सांगा’ — एवढंच ना? पण भोवती पन्नास माणसं, आणि खाली माझी पाटी. मी म्हणालो, “आजोबा, लढाऊ जहाजावर चूल नसते. हे ब्रिटिशांच्या मूळ नकाशावरून केलंय.” आणि तेवढ्यावर थांबलो नाही. हसत हसत पुढे म्हणालो, “तुम्ही बंदरावर कामाला असाल. लांबून बघितलं असेल.”

त्याच्याच गावच्या माणसांसमोर. एकजण जोरात हसला. आप्पानं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, जरा गोंधळून. “मी हुतो की तिथं,” एवढंच तो म्हणाला. सुमनआक्का त्याचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेली.

तुम्ही म्हणाल, ही झाली चूक. चूक कुणाचीही होते. खरंय. पण मी चुकीबद्दल सांगायला बसलेलो नाही.

तीन आठवड्यांनी विलायतेहून पाकीट आलं. माझ्यासारखीच जहाजं करणारा तिकडचा एक म्हातारा मला जुने फोटो पाठवायचा. त्याचे वडील त्या जहाजावर अधिकारी होते. फोटो धक्क्यावरून काढलेला होता. भिंग घेतलं. धुराड्याच्या डाव्या अंगाला पत्र्याची खोली. वर नळकांडं, त्यातून धूर. दारात उघड्या अंगाचा एक माणूस, दोन्ही पंजे समोरासमोर — भाकरी थापताना होतात तसे. मागच्या बाजूला पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलेलं, स्वयंपाक्यांची खोली.

नकाशा कारखान्यात निघतो हो. माणसं नंतर चढतात. हे मला, साचे करणाऱ्याला, कळायला नको होतं?

कागल इथून किती लांब? अर्धा तास. मी त्याच दिवशी जायला हवं होतं. गेलो नाही. त्याच आठवड्यात एका कॉलेजनं ते जहाज काचेच्या पेटीत कायमचं ठेवायला मागितलं होतं. मला भाषणाला बोलावत होते — विषय, ‘अचूकता’. मी तो फोटो नकाशांच्या नळीत सारला, झाकण लावलं, आणि भाषणाला गेलो. चांगलं झालं भाषण.

सहा वर्षं. रोज आठवण यायची असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, मलाही. पण नाही यायची. ती नळी तेवढी मी उघडत नव्हतो.

मग एका सकाळी सुमनआक्का दारात उभी. मी तिला लगेच ओळखलं. वाटलं, हिला कळलं. पण ती भांडायला आली नव्हती. उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकून उभ्या उभ्याच म्हणाली, “मिस्त्री, आप्पा आता शाण्णव वर्साचं हायत. जहाजाचं बोलायचंच सोडलंय त्यांनी. गावात पोरंठोरं चूलवालं म्हणून चिडवायची, तवापास्नं. पर एकडाव तुमचं जहाज बघायचं म्हणत्यात.” मग मला भरवसा द्यावा तशी म्हणाली, “चुलीचं काय बोलणार न्हाईत म्हणालेत.”

चुलीचं काही बोलणार नाही.

मी तिला बसा म्हणालो का, चहा विचारला का, आठवत नाही. “दोन महिने द्या,” एवढं म्हणालो. ती गेली आणि मी नळी उघडली.

आता ते दोन महिने. आयुष्यात मी तसं काम केलेलं नाही. कॉलेजातून जहाज परत आणलं. डावा डेक कापताना हात कधी नव्हे इतका चालला. धुराड्याची उंची माहीत होती. त्यावरून फोटोतल्या खोलीची मापं काढली — लांबी आठ फूट, म्हणजे माझ्या मापात एक इंच. चहाच्या डब्याचा पत्रा घासून कागदासारखा पातळ केला, त्याला पन्हळी पाडल्या. नळकांडं सुईएवढं. आत चूल, चुलीवर तवा, मसुराच्या डाळीपेक्षा लहान. दारात तो माणूस, पंजे समोरासमोर. बायको मागे उभी राहून म्हणाली, “ह्या जहाजात आता कुणीतरी राहतंय असं वाटतंय.” चार जहाजं झाली, तिनं पहिल्यांदा कौतुक केलं.

आप्पाला इथवर आणायचं नाही, जहाज त्याच्या गावी न्यायचं, हे मी ठरवलं. दूध संस्थेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. सगळं गाव लोटलं. मी उभा राहून सांगितलं की सहा वर्षांपूर्वी मी ह्या माणसाला खोटं पाडलं. खोटा तो नव्हता, चूक माझी होती. चूल होती. हा फोटो. आणि कापड ओढलं.

आप्पा जवळ आला. लेकीच्या खांद्यावर एक हात. दिसायला कमी झालं होतं, म्हणून नाक पार कठड्याला टेकेपर्यंत वाकला. आणि मग तो ओरडला. शाण्णव वर्षांच्या छातीतून तेवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

“हाय की! ही बघा! हाय की न्हाय?”

काय गलका झाला म्हणून सांगू! शिट्ट्या काय, टाळ्या काय. सहा वर्षांपूर्वी जोरात हसलेला तो माणूस पुढं आला आणि वाकून आप्पाच्या पाया पडला. आप्पानं त्याला बाजूला सारलं, कारण त्याचं लक्ष अजून जहाजात होतं. “पाण्याचं पिंप कुठाय? दाराच्या उजव्या अंगाला हुतं.” मी फोटो पुन्हा भिंगाखाली धरला. ज्याला मी सावली समजलो होतो, ते पिंप होतं. मी तसं सांगितलं, आणि हॉल पुन्हा दणाणला. म्हाताऱ्यानं ब्रिटिशांच्या नकाशाला एकदा हरवलं होतं. आता माझ्या भिंगालाही हरवलं.

कुणीतरी फोटो त्याच्या हातात दिला. दारातला तो माणूस आप्पाच, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. मोबाईल वर झाले होते. आप्पानं फोटो डोळ्याशी धरला, आणि बराच वेळ बघून म्हणाला, “ह्यो मी न्हवं. ह्यो गफूर. रत्नागिरीकडचा. मी तवा सायबाला चा द्यायला गेलतो.”

‘हो, मीच’ म्हणणं त्याला किती सोपं होतं? कुणाला कळलं असतं?

आणि त्याच वेळी, त्याच गर्दीत, सुमनआक्कानं मला विचारलं, “मिस्त्री, ह्यो फोटू घावला कवा?”

मी म्हणालो, “हल्लीच. दोन महिने झाले.”

हे ते वाक्य.

टाळ्या वाजल्या. मला फेटा बांधला. आप्पानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे तळवे अजून कडक होते. म्हणाला, “सा वर्सं तू शोधत ऱ्हायलास. सोडलं न्हाईस.” मी मान हलवली. नुसती हलवली नाही — होकारार्थी हलवली. ट्रॉलीत जहाज ठेवलं, शेजारी खुर्चीवर आप्पा, पुढं हलगी. गावातनं मिरवणूक निघाली, बायका दारांतून ओवाळत होत्या, आणि आप्पा दर चौकात ट्रॉली थांबवून भाकऱ्यांचा हिशोब सांगत होता. मीही ट्रॉलीत होतो, फेटा बांधून. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता. असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्यानंतर आप्पा चौदा महिने जगला. रोज दूध संस्थेच्या कट्ट्यावर बसून जहाजाच्या गोष्टी सांगायचा. लोक लांबून ऐकायला यायचे. गफूरचं नाव आता त्या गावात सगळ्यांना माहीत आहे. जहाज आजही तिथंच, त्या हॉलमध्ये आहे, पिंपासकट. शेवटच्या दिवसांत तो आल्यागेल्याला सांगायचा म्हणे, कोल्हापूरच्या मिस्त्रीनं माझ्यासाठी सहा वर्षं शोध घेतला.

मी शोध घेतला नव्हता. फोटो माझ्या घरात होता, माझ्या खाटेपासून चार हातांवर. फोटो आला तेव्हा आप्पा नव्वद वर्षांचा होता आणि त्याला जिन्यावरनं एकट्याला उतरता येत होतं. त्या सहा वर्षांत त्यानं ज्या गोष्टी सांगितल्या नाहीत, त्या किती होत्या, हे कुणालाच माहीत नाही. त्या मी हिरावून घेतल्या. चुकून नाही. माहीत असून.

हे छापून आलं की पहिली प्रत घेऊन मी कागलची एसटी धरणार आहे. सुमनआक्का अक्षराखाली बोट ठेवून सावकाश वाचते. तिचं वाचून होईपर्यंत मी समोर बसून राहीन.