पातळ पत्रा, आडवी ज्योत

वस्तादीण सकाळपासून लोखंड कापायच्या गॅस टॉर्चच्या तोंडाचं नोजल साफ करत बसली होती. तेही आधीच साफ असलेलं. बारीक तार भोकातून आत-बाहेर करायची, नोजल उजेडाला धरून एक डोळा मिटून बघायची आणि पुन्हा तार घालायची. रिकाम्या हातानं तिला बसवत नव्हतं.

कारखान्यात बसची बांधणी चालली होती. बसच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून झाला होता, मागच्या चाकावरची कमान तेवढी कापायची राहिली होती. पत्र्याची विजेची कातरी नेमकी जळून बसली, म्हणून मालकानं गॅसवर कापायला सांगितलं. काल तिनं कापला. कापला कसला, नासवला! ज्योत पुढं सरकली की मागची चीर वितळून पुन्हा जुळून जायची. काठाला लोखंडाचे गोळे लोंबायला लागले आणि पत्रा भिजल्या पुठ्ठ्यासारखा वेडावाकडा झाला. शेवटी तो उचकटून भंगारात टाकावा लागला.

मालक संध्याकाळी म्हणाला होता, "या लांबीचा आता एकच पत्रा उरलाय. तो गेला तर दोघांनीही उद्यापासून यायचे कष्ट घेऊ नका."

त्यातलं 'दोघांनीही' तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

दोघं म्हणजे ती आणि तिचा नवरा. त्याला सगळा कारखाना वस्ताद म्हणायचा, म्हणून ती वस्तादीण. वस्तादांचा उभा जन्म जाड लोखंड कापण्यात गेला. मोडीत निघालेले बॉयलर, पुलांचे गर्डर, मनगटाएवढ्या जाडीच्या प्लेटा. ती आधी नुसती डबा घेऊन यायची. मग डबा संपेपर्यंत थांबायची, मग नळ्यांची गुंडाळी सोडवायला लागली, आणि एक दिवस सिलिंडरच्या चाव्या तिच्या कमरेला आल्या. कुणी ठरवलं नाही, बोलावलंही नाही.

पुढं वस्तादांचे डोळे गेले. गेले म्हणजे अगदी काळोख नव्हता, पण समोरचा माणूस त्यांना सावलीएवढाच दिसायचा. टॉर्च बायकोच्या हातात आला आणि वस्ताद रंगाच्या उपड्या डब्यावर बसून कान देऊ लागले. कान असा की ज्योतीचा आवाज बदलला, की न बघता सांगायचे, "चीर आरपार गेली नाही, मागं घे." जाड कामात ते कधी चुकले नाहीत. तिच्या हाताला जे वळण लागलं ते त्यांच्या त्या ओरडण्यानंच. आणि त्यांचं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच असायचं, टॉर्च उभा धरायचा, ओळंब्यासारखा, आणि हात सावकाश चालवायचा. शिकाऊ पोरांनी टॉर्च कलता केला की त्यांच्या बोटांवर पक्कड बसायची.

पण पत्र्याला तो कायदा लागू पडत नाही, हे वस्तादिणीला वर्षभरापूर्वीच कळलं होतं. दुपारी वस्ताद डुलकी काढायचे तेव्हा ती रिकाम्या पिंपांच्या झाकणांवर हात चालवून बघायची. एकदा मनगट अवघडलं, टॉर्च खाली पडल्यासारखा आडवा झाला, आणि घाबरून तिनं हात भरभर ओढला. बघते तर चीर सुरीनं काढल्यासारखी! उभी ज्योत पत्र्याला एकाच जागी जाळते. ती आडवी निजवली की तिला तिरपं जावं लागतं, पत्रा जणू जाड होतो, आणि हात पळवला की वितळायला त्याला सवडच मिळत नाही.

ही गोष्ट तिनं वस्तादांना सांगितली नव्हती. माणसाचे डोळे गेलेले, उरला तो कायदा. तोही काढून घ्यायचा म्हणजे फारच झालं. म्हणून काल ती त्यांच्या कायद्यानं वागली आणि पत्रा गेला.

"वस्तादीण," रंगारी हळूच जवळ आला. गाडीला रंग त्याला लावायचा होता, त्यामुळं कमानीची घाई मालकाखालोखाल त्यालाच. "मी वस्तादांना चहाला नेतो. मस्त दोन कप पाजतो. तोवर तुम्ही तुमच्या मनासारखं उरकून घ्या."

तिला ते फार पटलं. एक क्षण तर इतकं पटलं की ती हो म्हणणारच होती.

"आणि परत आल्यावर?" तिनं विचारलं. "कशी कापली म्हणून विचारतील. खोटं बोलताना माझं तोंड त्यांना दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो ना."

"मग जे व्हायचं ते होवो," रंगारी म्हणाला. "माझा ब्रश वाळतोय."

मालक येऊन उभा राहिला. सांगाड्यावर ठोकून ठेवलेल्या शेवटच्या पत्र्याकडं त्यानं बोट केलं. वस्तादिणीनं सगळ्यात लहान नोजल बसवलं. ऑक्सिजनचा दाब उतरवला. पत्रा तापून वाकू नये म्हणून खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ओली पोती आवळून बांधली. चाकाच्या पोकळीत वाकून पत्र्याच्या मागं रबर किंवा चिंधी राहिली नाही ना, हे हात घालून बघितलं. मग डब्यावर बसलेल्या नवऱ्याकडं वळली.

"अहो, आज मी टॉर्च आडवा धरणार आहे."

वस्तादांनी मान तिच्याकडं केली. "काय धरणार?"

"आडवा. आणि हात पळवणार."

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. पिंपांच्या झाकणांवर करून बघितलं. तुम्ही झोपायचात तेव्हा."

"म्हणजे मी झोपलो की तू ही थेरं करायचीस?"

रंगारी खोकला. मालकानं घड्याळ बघितलं.

"मग मी इथं कशाला बसलोय?" वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. वस्तादिणीला वाटलं, टॉर्च खाली ठेवावा आणि दोघांनी मुकाट घरी जावं. पण तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "काप. काल माझ्या मतानं नासला, आज तुझ्या मतानं नासू दे."

तिनं चष्मा डोळ्यावर ओढला. ज्योत पेटली, बारीक होऊन निळी सुई झाली. रेघेच्या टोकाशी पत्रा लाल झाल्यावर तिनं मनगट खाली टेकवलं, ऑक्सिजनचा खटका दाबला आणि निघाली.

आवाज वेगळाच निघाला. जाड प्लेटेचा तो घुमणारा फूत्कार नव्हता. नवं कापड टराटरा फाडावं तसं काहीतरी. ठिणग्या खाली न पडता पुढं उडत होत्या. कमान चढायला लागली. तिनं श्वास धरला होता, हात पळत होता, नजर रेघेवर. निम्मी कमान झाली.

"थांब!" वस्ताद ओरडले. "आवाज फाटला! थांब!"

इतक्या वर्षांची सवय. डोक्यानं ठरवायच्या आधी तिचा हात अडखळला. क्षणभरच, पण पत्र्याला तेवढं पुरलं. काठ पाघळला आणि तिथं एक गोळा धरला.

"तो आवाज असाच असतो!" ती ओरडली. नवऱ्यावर असं ओरडायची तिची पहिलीच वेळ. "गप्प बसा हो!"

आणि हात पुन्हा पळाला. कमानीचा उतार, शेवटचं टोक. कापलेला तुकडा खणकन फरशीवर पडला.

मालक वाकला. बोट भाजेल म्हणून खिशातली पट्टी काठावरून फिरवली. पट्टी घसरत गेली, मध्ये एका जागी अडली, पुन्हा घसरत गेली. पत्रा सपाट होता.

"एवढा गोळा घासून काढा. वरून रबरी पट्टी बसेल, दिसणार नाही," तो म्हणाला. "पत्र्याचं काम इथून पुढं तुमच्याकडं. पण बाई, वस्तादांना घरीच ठेवा. नुकसान त्यांच्या ओरडण्यानं झालं."

वस्ताद डब्यावर बसून होते. त्यांनी ऐकलं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"जाड प्लेट आली तर मी कुणाला विचारू?" वस्तादीण म्हणाली. "तुम्हाला? दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही."

मालकानं नाक खाजवलं. "मग पत्रा कापताना त्यांच्या तोंडाला फडकं बांधा."

"बांधतो," वस्ताद म्हणाले. "माझं मीच बांधतो. प्लेट आली की सोडतो."

रंगारी एकटाच हसला. मालक पुटपुटत निघून गेला.

टॉर्च विझवून वस्तादीण सिलिंडरपाशी गेली, आणि आता तिचे हात असे लटपटायला लागले की चावी खाचेत बसेना. वस्ताद चाचपडत आले, चावी तिच्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही सिलिंडर बंद केले. नळीतला उरलेला वायू फुसकन गेला.

मग त्यांनी विझलेला टॉर्च उचलून तिच्या हातात दिला आणि तिचं मनगट धरलं.

"किती आडवा?"

"अजून खाली," ती म्हणाली.

"एवढा?"

"अजून."

"हे काय कापणं झालं!" वस्ताद म्हणाले, पण मनगट सोडलं नाही.