बर्सर्करच्या मागे उभा राहणारा

मी मोबाईलवरच्या गेमसाठी योद्ध्यांच्या कथा लिहितो. वाशिमहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत बर्सर्करची कथा तपासत होतो, तेव्हा शेजारचा पन्नाशीचा माणूस माझ्या स्क्रीनवर वाचू लागला. चोरून नाही, स्वतःचा पेपर असल्यासारखा. मधून मधून शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढत होता.

"कोन हाय हा?"

मी सांगितलं. अस्वलाचं कातडं पांघरून लढणारा योद्धा. एकदा पिसाळला की आपलं-परकं ओळखत नाही, माया त्याला कोणाचीच नाही. भानावर आल्यावर काही आठवत नाही.

"अन् मांगून त्याले धरते कोन?"

"कोणी नाही. सगळे लांब पळतात."

त्याला ते पटलं नाही. "माह्या लहान्या भावाच्या आंगात येते. लेकराबाळांले लागू नये म्हून मी मांगून कवटाळून धरतो त्याले."

मेडशी आलं. वरची पिशवी काढायला त्यानं हात उचलला आणि बाही घसरली. हातभर दातांचे व्रण होते, एक अगदी ताजा.

माझी नजर त्याला कळली. "भानावर आला का मंग तो मले इचारते, हे काय झालं म्हून. मी सांगतो, कुत्रं चावलं."

"दर वेळी कुत्रंच?"

"कुत्रंच. आता तो गावात कुत्रं दिसलं का काठी घेऊन मांगं धावते."

बाही खाली ओढून तो उतरला. बर्सर्करला कोणाचीच माया नसते, हे वाक्य मी अकोला यायच्या आत खोडलं.