येसूबाईची काळी पूड

भाट्याच्या किनाऱ्यावर ज्याचं पोट फुगलं, ज्याला करपट ढेकरा लागल्या, शिळा बांगडा ज्याला बाधला, तो आधी माझ्या सासूकडे यायचा. रत्नागिरीतल्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे खाडी ओलांडायला तरीत बसायचं आणि मग त्याच्या ओट्यावर ताटकळायचं. त्यापेक्षा येसूबाईची काळी पूड बरी. फुकटची, घराजवळची, आणि वर चार शिव्या मिळायच्या, त्याही बहुतेकांना गुण द्यायच्या.

पूड करवंटीच्या कोळशाची. करवंट्या आतून खरवडून उन्हात कडकडीत वाळवायच्या, मडक्यात भरायच्या, तोंडावर परळाचं झाकण ठेवून चिखलानं लिंपायचं आणि मडकं दिवसभर शेण्यांच्या आगीत पुरून ठेवायचं. पुरतं थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही. घाई केली की आत वारा शिरून सगळ्याची राख. मग कोळसा पाट्यावर वाटून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि चिमूटभर कोमट पाण्यातून द्यायचा. घेणाऱ्याला ती बजावायची, की उद्या शौचाला काळं होईल, भ्यायचं नाही, पोटातली घाण निघते आहे.

मी या घरात आले एकोणतीस साली, देवरूखकडच्या डोंगरातून. समुद्र तोवर पाहिला नव्हता आणि पाहिल्यावर काही फार आवडलाही नाही. नवरा आत्माराम मुंबईच्या आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा शिमग्याला घरी यायचा. मी त्याची दुसरी. पहिली कमळा दोन वर्षांपूर्वी पोटदुखीनं गेली, एवढंच मला सांगितलं होतं. घरात उरलो मी आणि सासू, दोघीच.

सासूच्या दोन गोष्टी मला पहिल्या महिन्यातच खुपल्या. पूड देण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, शौचाला रंग कसा होतोय. बायका लाजायच्या, पुरुष खो खो हसायचे. कोणी 'काळा' म्हटलं, की तिचा डबा बंद. मग तो माणूस कितीही गयावया करो, ती त्याला तरीवर बसवूनच परत यायची. चिमूटभर कोळशासाठी एवढ्या चौकशा कशाला, असं मला वाटायचं.

दुसरी गोष्ट अशी, की भर दुपारी, बाराच्या सुमाराला, ती मागच्या परसात एकटीच बोलायची. "होय गो, सांगितलंस तू," एवढंच मला ऐकू यायचं. मग ती घरात यायची आणि दारात जराशी बाजूला सरायची, मागून कोणी भरली घागर घेऊन येत असावं तशी. वाट देऊन झाली की स्वतः आत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चुलीपुढून उठलेच नाही. वर्षभरानं माझ्या लक्षात आलं, की त्या दारात मीसुद्धा बाजूला सरते आहे.

मला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ अर्ध्यावर पडला. दुसऱ्या खेपेला चुलतसासरे भिकाजी आले. घरातलं वडीलधारं माणूस तेच, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांना कधी शंका पडलेली मी पाहिली नाही. ते म्हणाले, सवत नांदू देत नाही, देवीला कौल लावायचा. मला ते पटलं. परसात कोण असतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? सासू मात्र त्यांच्या पाया पडली. कौल नको म्हणाली, कारण विचारलं तर सांगेना. भिकाजींनी तिला वेड्यात काढलं.

ग्रामदेवीच्या देवळात सगळी वाडी जमली. गुरवानं देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की कमळाची बाधा असेल तर उजवी दे. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. भिकाजींनी समाधानानं मान हलवली. खेडशीकडचा एक भगत आणून ठेवलाच होता. त्यानं नारळ आणि खिळे पुढे घेतले. कमळेला नारळात बांधायचं आणि मसणवटीत पुरायचं, म्हणजे तिला पुन्हा घराची वाट सापडायची नाही.

तेव्हा सासू बायकांमधून उठली.

"तिला बांधू नका," ती म्हणाली. "तिना कोनाचा कायव केलान नाय. तिला मी मारली."

मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. कमळेचं पोट दुखत होतं, चक्कर येत होती, तोंड पांढरंफटक पडलं होतं. हिनं पूड दिली. कमळा म्हणाली, आत्याबाई, शौचाला काळं होतंय. ही म्हणाली, पुडीनं होतं, भिऊ नको. कमळा म्हणाली, पूड घ्यायच्या आधीपासून होतंय, डांबरासारखं. तीन दिवस ती हेच सांगत होती, आणि तीन दिवस ही तिला पूडच पाजत होती.

भगत उठला. त्याला वाटलं, किंवा त्यानं तसं ठरवलं, की कमळाच हिच्या तोंडून बोलते आहे. वाडीलाही तेच सोयीचं होतं. त्यानं सासूचे केस धरले, वेताची छडी उगारली आणि नाव विचारलं.

"येसू," ती म्हणाली.

छडी बसली. पुन्हा नाव विचारलं. पुन्हा येसूच. 'मी कमळा, मी जाते' एवढं म्हटलं असतं की मार थांबला असता, नारळावर खिळा बसला असता आणि ती मानानं घरी आली असती. जमलेल्या प्रत्येकाला हे कळत होतं. पाठीवरचं लुगडं फाटलं तरी ती येसूच म्हणत होती. तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. तो ऐकून मला कळलं, की चार वर्षं मी भीत होते ते कमळेला नव्हे, सासूच्या मनावरच्या ओझ्याला. मी जाऊन छडी धरली. हातावर वळ उठला तो आठवडाभर गेला नाही.

"सोडा तिला," मी म्हटलं. "ती शुद्धीत हाय."

आम्हाला दोघींनाही वेडं ठरवून माणसं पांगली. नारळ तसाच राहिला.

किनाऱ्यानं घरी येताना तिनं उरलेलं सांगितलं. चौथ्या दिवशी तरीनं डॉक्टर आणला. त्यानं विचारलं, काळं कधीपासून? पूड घेण्याआधी की नंतर? कमळेला बोलवत नव्हतं, ती नुसती सासूकडे बघत होती. सासू म्हणाली, नंतर. मग डॉक्टर म्हणाला, मग ठीक. आधीपासून असतं तर आत रक्त वाहतंय असं धरावं लागलं असतं. ते ऐकूनही ही गप्प राहिली. कमळा दिवेलागणीच्या आत गेली. मी विचारलं, का गप्प राहिलात? ती म्हणाली, सगळा किनारा माझ्या औषधाचं नाव घेतो, ते नाव जाईल म्हणून.

मला तिचा राग आला. कमळेसाठी आला, आणि एका गरीब पोरीला मी इतकी वर्षं हडळ समजत बसले त्याचाही आला. पण संध्याकाळी तिच्या पाठीला खोबरेल मीच लावलं. दुसरं कोण लावणार होतं?

दुपारचं बोलणं काही थांबलं नाही. पूड मागायला मात्र कोणी फिरकेना.

भिकाजींनी मुंबईला पत्र लिहवून धाडलं असावं, कारण आत्माराम त्या वर्षी शिमग्याच्या आधीच आला. पिशवी ओटीवर ठेवून तो आईसमोर बसला. पाणीसुद्धा घेतलं नाही. खरं का, असं त्यानं विचारलं आणि ती हो म्हणाली. तो ओरडेल, काही फोडेल, म्हणून मी दारात उभी होते. त्यानं एवढंच विचारलं, की शेवटी कमळेनं माझं नाव घेतलं का.

हो म्हटलं असतं तर कोणाचं काय जाणार होतं? त्याला तेवढंच हवं होतं, आणि मीसुद्धा मनात म्हणत होते, म्हण बाई, हो म्हण. सासूनं पदर सारखा केला आणि लेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"नाय. तिना डागतर मागितलान."