फाटक उघडणारी बाई

ही हकिगत मी इतकी वर्षे टाळली. निवृत्तीनंतर कुणी आठवणी विचारल्या की एखाद्या दरोड्याची सांगायचो. विसरलो मात्र हीच कधी नाही.

मुळशी तालुक्यात मी पोलीस निरीक्षक होतो. पिरंगुटजवळच्या गावातला, खोल्या भाड्याने देणारा एक शेतकरी खोकत खोकत ठाण्यात आला. बायकोला एचआयव्ही निघाला होता. हा रोग तिला कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या तरुण भाडेकरूनेच दिला, अशी त्याची तक्रार.

"साहेब, त्याच्या गाडीचा आवाज माझी बायको लांबून वळकतिया," तो म्हणाला.

एवढ्यावर कोणी तपास सुरू करत नाही. मी केला. त्या दिवसांत माझी पत्नी शेजाऱ्याशी हसून बोलली, तरी मी चोरून तिचा फोन तपासायचो. या माणसाचा संशय मला ओळखीचा वाटला, म्हणून खरा वाटला.

भाडेकरूच्या खोलीच्या झडतीत एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली सापडली. ती मी पंचांसमोर, भरल्या अंगणात वर धरली. एका अंगणात दोघांना एकच रोग. मला वाटले, तपास संपला.

चौकशीत तो मान खाली घालून नाही म्हणत राहिला. बाई मात्र माझ्याकडे बघून बोलली. "रातीचा त्यो पाळीवरनं आला की फाटक मलाच उघडावं लागतं, साहेब. आवाज वळकणारच. पटत न्हाई, तर त्याचं आन् माझं रगत ताडून बघा."

तिच्या हट्टापायी मी पुण्यातल्या एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सांगितले, हा विषाणू प्रत्येक शरीरात थोडाथोडा बदलत जातो. त्याची जनुके वाचली की दोघांचे विषाणू किती जवळचे ते कळते. मग त्यांनी विचारले, "नवऱ्याला तपासलंत?" मी म्हणालो, तो खोकतो, पण नुसता टीबी आहे म्हणतो. डॉक्टर म्हणाले, एचआयव्ही असलेल्याला टीबी पुष्कळदा होतो.

नवरा नमुना द्यायला तयार नव्हता. त्याशिवाय तक्रार पुढे सरकणार नाही म्हटल्यावर त्याने सही केली.

अहवाल आला. भाडेकरूचा आणि बाईचा विषाणू एकमेकांपासून फार लांबचे होते. तिचा जुळत होता नवऱ्याशी. कोणाकडून कोणाला गेला, हे एवढ्यावरून ठरत नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ते नवऱ्यानेच सांगितले.

"मला ह्यो रोग हाय, लग्नाआधीपासून ठाऊक हुतं. त्याच्यावर ढकललं की मी सुटलो, आसं वाटलं."

भाडेकरू तोवर गाव सोडून गेला होता. बाईला सासरी कोणी ठेवून घेतले नाही. तिचा आजार गावाला कळला तो माझ्या झडतीमुळे; झडतीचे कारण मी पंचांना त्याच भरल्या अंगणात सांगितले होते.

दोघांना एकच रोग, एवढाच माझा पुरावा होता. बाकी सगळा माझा मत्सर होता. संशयाने पोखरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या संशयाचा तपास करू नये, एवढे मी शिकलो.

काही वर्षांनी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर पत्नीसोबत जेवायला बसलो होतो. वाढायला तीच बाई आली. तिने मला ओळखले. माफीचे शब्द मी कितीदा मनात जुळवले होते. शेजारी पत्नी होती. तिचीही माफी बाकीच होती.

"भाकरी वाढू का, साहेब?"

मी म्हणालो, "अर्धी."